कौसामावशींची पाण्याची पाळी

मी पाण्याचा वॉल बंद केला आणि त्याची दांडी काढून पिशवीत टाकली, तेव्हा कौसामावशी पाईप धरून आपल्या वाफ्यात उभ्या होत्या. पाईपातून दोन गुळण्या पाणी आलं आणि थांबलं.

“ए बाई, माझी पाळी चालू हाय!”

“माहितीये, मावशी. आजपासून कोणालाच पाणी नाही. बागेला सुट्टी.”

“सुट्टी हापिसाला असती. झाडाला कसली आली सुट्टी?”

मी कृषी खात्यात होते. शेवटची पोस्टिंग भोकरदनला, तिथूनच रिटायर झाले. उभा जन्म लोकांचे बांध तुडवण्यात गेला, त्यामुळे बोलणी खायची सवय आहे. पण शेतकरी निदान माझी पाठ फिरल्यावर बोलायचे. मावशी तोंडावर बोलतात.

जालन्यात आमच्या कॉलनीला एक ओपन स्पेस आहे. म्हणजे लेआउट पाडताना सगळ्यांसाठी सोडलेली मोकळी जागा. ‘सगळ्यांची’ म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं होतं. वेड्या बाभळी, कचरा आणि डुकरं. आम्ही काही जणांनी ती साफ केली, वाफे पाडले, घरटी एक वाफा वाटून दिला. पगार कोणाला नाही, साहेब कोणी नाही. काम करणारे सगळे आता बँकेत, शाळेत नाहीतर कचेरीत. पण मूळ कोणाचं टेंभुर्णी, कोणाचं घनसावंगी. प्रत्येकाच्या सात पिढ्या शेतीत गेलेल्या. एका बागेत एवढे तज्ज्ञ आणि बोअर मात्र एकच. पहिल्याच महिन्यात पाईपवरून अशी जुंपली की शेवटी गावासारखी पाण्याची पाळी लावून दिली. ज्याचा वार, त्याचं पाणी. भांडणं थांबली, म्हणून आम्ही खुश.

सोसायटीचे चेअरमन देशपांडे साहेब. माणूस वाईट नाही, पण त्यांची गाडी रस्त्यावर उभी असते आणि तिला दोनदा ओरखडे पडलेत. त्यांना बागेच्या जागी पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग हवं होतं. मीटिंगमध्ये ते सरळ म्हणाले, “मॅडम, भोगीला घरटी भाजी निघाली पाहिजे. नाही निघाली तर संक्रांत झाली की ब्लॉक. कबूल?”

मी कबूल म्हणाले. रिटायर माणसाला तोऱ्यात बोलायची संधी कमीच मिळते.

यात खऱ्या पणाला लागल्या होत्या कौसामावशी. त्या घनसावंगीजवळच्या खेड्यातल्या. मालक गेल्यावर मुलगा त्यांना इथे दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. फरशीवर चालून चालून टाचा बधिर झाल्या म्हणायच्या. बाग झाली आणि त्या चपला बाहेर काढून मातीत उतरायला लागल्या. एकदा त्यांचा मुलगा मला हळूच म्हणाला, “मॅडम, ही जागा गेली तर आई गावाकडे निघून जाईल. तिथं तिला बघणारं कोणी नाही. काहीही करा, पण बाग टिकवा.”

आणि ऐन थंडीत वांगी कोमेजायला लागली. पानं पिवळी, माना टाकलेल्या. लोक म्हणाले, पाणी कमी पडतंय. ज्याची पाळी यायची तो वाफा भरेपर्यंत पाणी सोडायचा. दुसऱ्या दिवशी झाड आणखी मलूल.

आमच्या धंद्यातली ही साधी गोष्ट आहे. तहानेने कोमेजलेलं झाड आणि पाण्याने गुदमरलेलं झाड, दोन्ही वरून सारखीच दिसतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. वर भेगा, खाली चिखल. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पाण्यात उभं राहूनही झाड सुकतं. हे मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या पाळीला पाईप घेऊन आले.

मावशींचा तर हरभरा होता. मी विचारलं, “मावशी, गावाकडे हरभऱ्याला किती पाणी देत होता?”

“हरभऱ्याला कशाला पाणी? त्यो नुसत्या थंडीवर येतो.”

“मग इथे का देता?”

“इथं पाळी हाय ना माझी!”

मी कपाळाला हात लावला. त्यांना हसू आलं नाही. पाईप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “आमचं रान कॅनॉलच्या पार टोकाला. वरचे लोक मधीच पाणी फोडून घ्यायचे. मालक रातभर बांधावर बसायचे, अन् पाणी येतच नव्हतं. गेले बिचारे, पण एक पाळी बराबर पदरात पडली न्हाई त्यांच्या. अन् तू म्हणून राह्यली, सोड!”

त्यांचं दुःख मला कळत होतं. पण त्या मायेपायी बाग बुडाली असती. म्हणून मी वॉलची दांडी काढली.

कॉलनीत बोंब झाली. एकाने मला हुकूमशहा म्हटलं. देशपांडे साहेब हसत म्हणाले, “मॅडम, झाडं सुकलेली असताना तुम्ही पाणी तोडताय. माझं काम सोपं करून देताय हो.” मी वरवर हसले. घरी आल्यावर मात्र धाकधूक होती. माझा अंदाज चुकला असता तर पार्किंगचं उद्घाटन माझ्याच हातून झालं असतं.

मावशींना वेगळाच संशय. ‘ही कृषीबाई दांडी घेऊन गेली म्हणजे चोरून आपल्याच वाफ्याला पाणी देणार.’ मग काय, रोज सकाळपासून अंधार पडेपर्यंत वॉलशेजारी पोतं टाकून पहारा! जाता-येता माझ्या वाफ्यात बोट खुपसून बघायच्या.

आठवडा होत आला आणि एका सकाळी त्यांनी मला फाटकातच धरलं. मूठ माझ्या नाकापुढे उघडली. आत काळ्या मातीचा गोळा.

“चोरटे! ही तुझ्या वाफ्यातली माती. वीतभर उकरून काढली. ओली गच्च हाय. कधी पाणी दिलं, खरं सांग!”

चार लोक जमले. देशपांडे साहेबही फिरून येत होते, तेही थांबले.

“मावशी,” मी म्हणाले, “आता तुमचा वाफा उकरा.”

“माझा कशाला? मला कुठं दांडी दिलती तू?”

“उकरा तर खरं.”

त्या तणतणत गेल्या. खुरपं मारलं, वीतभर खाली गेल्या, माती मुठीत दाबली. मूठ उघडली तर तसाच गोळा, लाडवासारखा. त्या वॉलकडे बघत राहिल्या, मग गोळ्याकडे.

“माझ्यात कोण पाणी देऊन राह्यलं?” हे विचारलं खरं, पण त्यात जोर नव्हता. सगळे दिवस तिथे पहाऱ्याला त्याच होत्या.

शेजारच्या वाफ्यात त्यांनी खुरपं मारलं. मग त्याच्या पलीकडच्या. सगळीकडे लाडू. शेवटी त्या बांधावर बसल्या आणि पदराने तोंड पुसलं.

“अगं बया,” त्या म्हणाल्या, “इथं तर पाणी टोकापर्यंत आलंय की. आजून किती घ्यावं माणसानं?” मग हात पुढे केला. “आण ती दांडी इकडं.”

मी देऊन टाकली.

भोगीपर्यंत निम्मी वांगी उपटावी लागली, ती कुजलीच होती. उरलेल्यांना नवी पानं फुटली आणि बेताची फळं लागली. गाजरं आली. वालाच्या शेंगा आल्या. हरभरा तर पाणी तुटल्यावर घाट्यांनी लगडला. घरटी एक ताटली निघाली, भरगच्च नव्हे, पण निघाली. देशपांडे साहेबांच्या घरी ताटली द्यायला मावशी स्वतः गेल्या. साहेबांनी वांग्याला हात लावून बघितलं आणि म्हणाले, “बरं. पुढच्या भोगीला बघू.” गाडी अजून रस्त्यावरच आहे.

आता बागेत वार नाहीत. दांडी मावशींच्या कनवटीला असते. पाणी हवं असेल त्याने त्यांना बोलवायचं. त्या वीतभर उकरतात, माती मुठीत दाबतात. भुगा झाला तर पाणी, लाडू झाला तर नाही. चेअरमन असो की कोणी. त्यांचा मुलगा म्हणतो, आई आता गावाचं नावही काढत नाही, वेळच नसतो तिला.

परवा मला माझी मेथी जरा सुकल्यासारखी वाटली. मी म्हटलं, मावशी, थोडं पाणी सोडा. त्यांनी उकरलं, दाबलं आणि मातीचा लाडू माझ्या हातावर ठेवला.

“घे,” म्हणाल्या, “अन् जा घरी.”

इतकी वर्षं कृषी खात्यात काढली, त्याचं एवढं फळ पदरात पडलं. गुपचूप घेऊन आले.