चौथ्यांदा पाच

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या सेक्शनची बदली उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टवर झाली. आम्ही सहा जण. त्यात मुंबईचे दोघे: मी घाटकोपरचा आणि नायक गावडे मुलुंडचा. भरतीलाही आम्ही एकाच रांगेत उभे होतो.

हेलिकॉप्टर खालच्या उतारावर रसद टाकून जायचं. ती आणायला रोज तिघे एका दोराला बांधून उतरायचे. पहिला काठीने बर्फ टोचत पुढे जातो. खाली भेग असली तर पडतो तोच. पहिला कोण, यावरून कुरबुर नको म्हणून हवालदारसाहेबांनी फाशाची पद्धत घातली. फासा गावडेच्या घरच्या ल्युडोतला. प्रत्येकाला एक आकडा. साहेबांचा एक, माझा दोन, गावडेचा पाच.

सलग तीन दिवस पाच पडला. चौथ्या सकाळी गावडे थकलेला दिसत होता.

हवालदारसाहेब म्हणाले, "आज तेरा नंबर छोड़ देते हैं. पाँच आया तो दोबारा फेकेंगे."

"रहने दो, उस्ताद. चौथी बार थोड़े ही आएगा?" मग गावडे माझ्याकडे वळून म्हणाला, "आज सगळ्यात सेफ मीच यार. माझा कोटा संपला."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. शाळेत गणित शिकलेली माणसं आम्ही, आणि फाशाला कालचं काही आठवत नसतं एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही. त्याची चीड मला अजून येते.

साहेबांनी फासा टाकला. पाच.

गावडेने बूट बांधले आणि निघाला. त्याच्या मागे मी, माझ्या मागे एक जवान. अर्ध्या उतारावर त्याच्या काठीला बर्फ टणक लागला. त्याने पाय टाकला आणि तो दिसेनासा झाला. दोराला हिसका बसला. मी आडवा पडून बर्फात कुऱ्हाड रोवली. त्याचं वजन थोडा वेळ जाणवत होतं. मग भेगेच्या कडेवर दोर तुटला.

मी वायरलेसवर पोस्टला कळवलं, "अल्फा, लीड मॅन डाउन. ओव्हर."

"कौन? ओव्हर."

"गावडे. ओव्हर."

शोध घेतला. तो सापडला नाही.

सुट्टीवर आल्यावर फासा परत द्यायला मुलुंडला गेलो. गावडेचे वडील गिरणीतून निवृत्त झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चारय दिवस तोच पुढे? दुसऱ्याक कित्या नाय धाडलास?"

मी फाशाचं सांगितलं. पाच ओळीने चार वेळा पडणं म्हणजे बाराशे शहाण्णवात एकदा. पण त्या सकाळी त्याचा आकडा पडायची शक्यता सहात एकच होती.

"माझ्याएवढीच, काका."

"तुझो खयचो?"

"दोन."

त्यांनी फासा लादीवर टाकला. चार. उचलून पुन्हा टाकला. दोन.



"तुझोय पडता," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फासा माझ्या हातात ठेवला, घरात नको म्हणाले.

फासा माझ्याकडे आहे. मी तो टाकत नाही. नायक गावडे अजून त्या भेगेत आहे.