रोह्यातून गेलेला सॅक्सोफोन

पोलिसातल्या नोकरीतले बरेच गुन्हे आठवायचे तर आता मला जुन्या वह्या काढाव्या लागतात. एका सॅक्सोफोनच्या चोरीची घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

तेव्हा माझी नेमणूक रोह्याच्या बाजूला होती. कुंडलिकेच्या काठी एक बागेतलं हॉटेल होतं. दर शनिवारी संध्याकाळी तिथे जॅझ आणि ब्लूज वाजायचं. धाटावच्या कंपन्यांतले इंजिनीअर, फार्महाऊसवर आलेले मुंबईकर, पेणचे एक-दोन डॉक्टर खास त्यासाठी यायचे. मुख्य वाजवणारे एक सत्तरीचे कोकणी मुसलमान गृहस्थ होते. आखातातल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये उमेदीची वर्षं घालवून ते गावी परतले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. मला स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं. बँड म्हटलं की वरात, एवढीच माझी समज.

एका रविवारी सकाळी चाचा पोलीस ठाण्यात आले. आदल्या संध्याकाळी वाजवून झाल्यावर ते जेवायला आत गेले होते. परत आले तर बागेतल्या मांडवातून सॅक्सोफोन पेटीसकट गेलेला. फिर्याद लिहून घेताना आमच्या ठाणे अंमलदाराने किंमत विचारली. चाचा म्हणाले, "किंमत काय सांगू बेटा? या वयात दुसरं वाद्य माझ्या तोंडाला बसणार नाय."

हॉटेलमालकाचा संशय एका वेटरवर होता. मांडवातल्या खुर्च्या त्यानेच आवरल्या होत्या. चाळिशीचा, अबोल माणूस. मी त्याला सलग चार दिवस ठाण्यात बोलावलं. तो रोज वेळेवर यायचा, बाकावर बसायचा आणि एकच उत्तर द्यायचा, "मी नाय घेतला साहेब." मालकाने त्याला कामावरून काढलं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, मुलीची सोयरीक जुळत आलीय. पोलीस रोज बोलावतात हे पाव्हण्यांच्या कानावर गेलं तर मोडंल." मी त्याला घरी पाठवलं, पण संशय काही मनातून गेला नाही.

दरम्यान आमच्या एका जुन्या हवालदाराने पेण, नागोठणे, अलिबाग इथल्या वाद्यं विकणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की कोणी सॅक्सोफोन विकायला आला तर कळवा. आठवडाभराने पेणच्या दुकानदाराचा फोन आला.

"विकायला कोणी आलं नाय," तो म्हणाला. "पण एक गोष्ट वेगळी वाटली. कासूकडचा एक क्लॅरिनेटवाला आहे, लग्नाच्या बँडमधला. वर्षानुवर्षं माझ्याकडून क्लॅरिनेटच्या रीड नेतो. काल त्यानं सॅक्सोफोनची रीड मागितली. त्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन नाय."

रीड म्हणजे वाद्याच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी. दोन्ही वाद्यांची वेगवेगळी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

लग्नसराई संपली की हा क्लॅरिनेटवाला डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जायचा, आणि सराई नुकतीच संपली होती. शिफ्ट सुटल्यावर त्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा माणूस, हात स्वच्छ धुऊन आलेला. "रीड माझ्या दोस्तासाठी घेतली," असं म्हणाला. दोस्ताचं नाव विचारलं तर आधी एक सांगितलं, मग दुसरं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा लगेच दिसतं. पण हातात पुरावा नव्हता. तासभर विचारूनही तो कबूल होईना.

तेवढ्यात तपास कुठवर आला हे विचारायला चाचा ठाण्यात आले. समोर कोण बसलाय हे मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. ते खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, "त्याची खालची एक चावी अडकते. दाबली की वर येत नाय. तुला पण त्रास झाला असेल."

"आता नाय अडकत," तो म्हणाला. "मी स्प्रिंग बदलली."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने मान खाली घातली. चाचांनीच त्याला पाणी दिलं.

मग त्याने सगळं सांगितलं. त्या शनिवारी रोह्यात एका वरातीत वाजवून तो नदीकाठाने चालला होता. चाचांचं वाजवणं कानावर आलं म्हणून कुंपणाशी थांबला. "साहेब, तीस वर्षं वाजवतोय. लोक माझ्यापुढं नाचतात, ऐकत कोणी नाय. तिथं माणसं गप बसून ऐकत होती. वाटलं, असं एकदा तरी वाजवावं. वाजवणं संपलं, मांडवात कोणी नव्हतं, पेटी उचलली. विकायचा इचार नव्हता."

पंचांसमक्ष घरझडती घेतली. भाताच्या कणगीमागे गोधडीत गुंडाळलेली पेटी मिळाली. त्याची बायको दारात उभी राहून नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, परत देऊन या म्हणून?"

अटक करावी लागली. सोडून देणं माझ्या हातात नव्हतं. पण हा गुन्हा फिर्यादीच्या संमतीने न्यायालयात मिटू शकत होता, आणि चाचांनी तशी संमती दिली. न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल त्यांच्या ताब्यात दिला. त्यांनी तिथेच चावी दाबून पाहिली आणि क्लॅरिनेटवाल्याला म्हणाले, "काम चांगलं केलंस. शनिवारी तुझी क्लॅरिनेट घेऊन ये."

वेटरच्या घरी मी स्वतः गेलो, गणवेशात, दिवसाउजेडी, शेजाऱ्यांना दिसेल असा. त्याच्या होणाऱ्या व्याह्यांनाही तिथेच बोलावलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं, की या माणसाचा काही दोष नव्हता, चूक माझी होती. तो म्हणाला, "बसा साहेब, चहा घ्या." सोयरीक टिकली. मालकानेही त्याला पुन्हा कामावर घेतलं.

चोरी झाली की ही वस्तू कुठे विकली जाईल, हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारतो. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण ही वस्तू कोणाला मनापासून हवी होती, हे मी तेव्हा विचारलंच नाही, आणि त्यामुळे एका निर्दोष माणसाला चार दिवस बाकावर बसवून ठेवलं. पुढच्या सगळ्या तपासांत हा दुसरा प्रश्न मी विसरलो नाही.

आता मी पेणला राहतो. आपल्या भागात जॅझ-ब्लूज समोर बसून ऐकायचं तर कुठे जावं, असं कोणी विचारलं की मी रोह्याचं हॉटेल सांगतो आणि बऱ्याचदा सोबतही जातो. चाचा आता बसून वाजवतात, अर्धा वेळ क्लॅरिनेटवाला सांभाळतो. लोक गप्प बसून ऐकतात. लग्नाचा बँड त्याने सोडलेला नाही, पण मुहूर्त कितीही मोठा असो, शनिवारच्या वरातीची सुपारी तो घेत नाही.