पासवर्ड मीच सांगितला होता

विद्यापीठाच्या संगणक विभागाची स्मरणिका निघते आहे. जुना विभागप्रमुख म्हणून मी चार आठवणी लिहाव्यात, असा निरोप आला. सोबत कच्चा मजकूर होता. त्यात नव्या पोर्टलच्या उद्घाटनाविषयी एक वाक्य आहे : ‘एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या गैरवर्तनामुळे कार्यक्रमात व्यत्यय आला.’ हे वाक्य खोटं आहे. ते माझ्याच जबाबावरून घेतलं आहे, तेव्हा ते खोडायचं कामही माझंच.

ती कर्मचारी म्हणजे आमच्या मदत कक्षातली मुलगी. नामपूरची. विद्यार्थ्यांचे फोन दिवसभर तीच घ्यायची. प्रवेश, निकाल, हॉलतिकीट असं सगळं आम्ही तेव्हा एका पोर्टलवर आणत होतो. मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकला की विद्यार्थी आत. त्यात मी नियम घातला : एका नंबरावर एकच विद्यार्थी. एकाच नंबरावर अनेक नावं सापडली तर पहिलं ठेवायचं, बाकीची खाती बंद. मला ते बोगस प्रवेश वाटत होते.

“बोगस नाहीत सर,” ती बैठकीत म्हणाली. “सुरगाण्याकडे फॉर्म सायबर कॅफेवाला भरतो. पोरांकडे फोन नसतो, असला तर रेंज नसते. मग तो सगळ्यांना स्वतःचाच नंबर टाकतो. आमच्याकडेही तसंच चालतं.”

“मग पदवी त्या कॅफेवाल्यालाच देऊन टाकू,” मी म्हणालो. सगळे हसले. ती हसली नाही. नियम राहिला.

पोर्टल आधीच चालू केलं होतं, उद्घाटन तेवढं बाकी होतं. त्या दिवशी दुपारी मदत कक्षासमोर सुरगाण्याची जीप येऊन थांबली. मुलं दाटीवाटीनं बसून आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पेपर, आणि एकाचंही हॉलतिकीट निघत नव्हतं. पोर्टलवरच्या हॉलतिकिटाशिवाय कोणालाही परीक्षेला बसू देऊ नये, हे परिपत्रकही माझ्याच आग्रहानं निघालं होतं. मी सभागृहाकडे निघालो होतो, अंगात नवा कोट होता. एका मुलीनं मला वाटेतच अडवलं.

“सर, खातं बंद दाखवतंय. नंबर कॅफेवाल्या दादाचा हाय.”

“स्वतःचा नंबर द्यायला काय झालं होतं?”

“फोन असता तर दिला नसता का? उद्या पेपरपन दादालाच लिहायला लावता का आता?”

मागची मुलं हसली. माझे मात्र कान तापले. मदत कक्षातली आमची मुलगी पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “सर, तो नियम काढावा लागेल. पोर्टल बंद करून पुन्हा सुरू केलं की खाती उघडतील, हॉलतिकिटं मी इथूनच छापून देते. पंधरा-वीस मिनिटं जातील.”

“कार्यक्रम झाल्यावर बघू.”

“जीपवाला थांबत नाहीये.”

तो खरंच थांबायला तयार नव्हता. हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता, “मॅडम, उरका. पुढं घाट हाय. अंधारात गाडी नाय घालनार मी.”

कुलगुरूंना दोन शब्दांत सांगून उद्घाटन जरा पुढे ढकलता आलं असतं. पण कारण विचारलं असतं, आणि कारण माझा नियम होता. मी सरळ सभागृहात जाऊन पहिल्या रांगेत बसलो. पाहुण्यांचं स्वागत सुरू असताना खिशातला फोन थरथरला. तिचाच होता. “सर, पासवर्ड सांगा. जीप चालू केलीये त्यानं.” मी तोंडावर हात धरून पासवर्ड सांगितला. वर म्हणालो, “कर, पण लवकर.”

मला वाटलं, भाषणं लांबतील. पाहुण्यांनी नेमकं भाषण आवरतं घेतलं. त्यांनी बटण दाबलं, टाळ्या सुरू झाल्या आणि भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं आली : सेवा उपलब्ध नाही. टाळ्या मध्येच विरल्या. कुलगुरूंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. माझं पहिलं खोटं ते. तोंड उघडावंही लागलं नाही.

दुसरं चौकशी समितीसमोर बोललो. ती मुलगी माझ्या शेजारच्याच खुर्चीत होती. समितीनं विचारलं, “मुख्य पासवर्ड यांना मिळाला कसा?” मी म्हणालो, “माझ्या टेबलावरून पाहिला असेल.” तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन, आत्ता बोलेन, अशी ती वाट पाहत होती. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिलो. तिनं स्वतः खरं सांगितलं, पण माझ्या शब्दापुढे तिचा शब्द कोण धरणार? करार संपवला गेला, वर शेरा : प्रणालीचा गैरवापर. तो शेरा असताना नाशकातल्या एकाही कॉलेजनं तिला कामावर घेतलं नाही. सुरगाण्याची मुलं मात्र त्या दिवशी हॉलतिकिटं घेऊन घरी गेली. मी सन्मानानं निवृत्त झालो.

स्मरणिकेचा निरोप आल्यावर तिचा नंबर मिळवून फोन केला. ती आता नामपूरला झेरॉक्सचं दुकान चालवते, लोकांचे फॉर्म भरून देते.

“बोला सर, पटकन. गिऱ्हाईक आहे.”

“तुम्हाला माहीतच आहे मी काय केलं ते. आता लिहून देणार आहे. आधी तुम्हाला वाचायला पाठवू का?” मी म्हणालो. विभागात असताना मी तिला अगं-तुगं करायचो.

तिनं आधी गिऱ्हाइकाला झेरॉक्सचे पैसे सांगितले.

“मला कशाला पाठवता? मी होते की तिथं. ज्यांनी शेरा लिहिला त्यांना पाठवा. तो निघाला तर कळवा. नुसतं लिहिलं म्हणून फोन करू नका.”

तिनं फोन ठेवला. मी सही करून हाच मजकूर कुलसचिवांना दिला आहे आणि शेरा काढण्याची मागणी केली आहे. हवं तर त्या समितीसमोर पुन्हा उभा राहीन. संपादकांना एकच विनंती. जागा कमी पडली तर माझा फोटो वगळा. यातलं एकही वाक्य कापू नका, आणि तुमचं ते वाक्य ठेवू नका.