वाघमुखी प्लॉट

माझ्या मुलीने परवा चौरसाला चौरस मानायला साफ नकार दिला. चौथीत आहे. पुस्तकातल्या आकृत्यांमधून चौरस ओळखून रंगवायचे होते. तिने सरळ बसलेले सगळे रंगवले आणि टोकावर उभा असलेला एक तसाच कोरा ठेवला. का, असं विचारलं तर म्हणाली, "ती शंकरपाळी आहे." मेथी निवडत बसलेली माझी आई हे ऐकून हसली आणि मग निवडलेलीच पानं पुन्हा निवडायला लागली.

तिला बाबांची आठवण आली असणार, असं मला वाटलं. कारण हे उत्तर आमच्या घरात जुनंच आहे. बाबा नाशिकच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि चौथीला मी त्यांच्याच वर्गात होते. घरी बाबा, वर्गात गुरुजी. चुकून तोंडातून "बाबा" गेलं की अख्खा वर्ग खिदळायचा. भूमिती सुरू झाली की ते पुठ्ठ्याचा एक चौरस घेऊन यायचे. सरळ धरून विचारायचे, हे काय? मग तोच टोकावर उभा करायचे. आता काय? आम्ही सगळे एका सुरात शंकरपाळी म्हणायचो. मग ते एकेकाला पुढे बोलावून बाजू मोजायला लावायचे, कोपऱ्यात गुण्या बसवून काटकोन दाखवायचे आणि म्हणायचे, "बाळांनो, आपण मान वाकडी केली म्हणून आकृती बदलत नाही." दरवर्षी तोच पुठ्ठा आणि तेच वाक्य.

त्याच वर्षी त्यांनी शहराच्या कडेला प्लॉट घेतला. तेव्हा तिकडे द्राक्षबागाच होत्या. घराचा ध्यास खरा आईला होता, आणि तिचं मागणं तरी केवढं, तर स्वतःचं अंगण. उन्हाळ्यात कुरडया घालायच्या म्हणजे आधी घरमालकिणीला गच्ची मागावी लागायची. ती म्हणायची, बघू. तिचं बघून होईपर्यंत इकडे आईचा गव्हाचा चीक आंबट होऊन जायचा. आई तो मुकाट्याने शेजारच्या गाईला नेऊन घालायची.

एका रविवारी आम्ही प्लॉटवर आखणी करायला गेलो. बाबांनी शाळेतला टेप, फळ्यावरचा भला मोठा लाकडी कोनमापक आणि खो-खोचं मैदान आखायची फक्की असा सगळा संसार आणला होता. टेपचं टोक धरायचं काम माझं. आई चहाचा थर्मास घेऊन पार मागे, नाल्याच्या कडेला विहिरीजवळच्या बाभळीखाली बसली होती. बाबांनी चारही बाजू पांढऱ्या रेघांनी आखल्या. जागा रस्त्याकडे रुंद होती आणि मागे नाल्याकडे निमुळती होत गेली होती. मला कोनमापक धरायला देऊन म्हणाले, "सांग बरं." मी सांगितलं, रस्त्याकडचे दोन लघुकोन, मागचे दोन विशालकोन. ते इतके खूश झाले की जणू आखणीसाठी नाही, माझी तोंडी परीक्षा घ्यायलाच आलो होतो.

तेवढ्यात काका आले. बाबांचे थोरले भाऊ, देवळ्याहून खास जागा बघायला एसटीने आलेले. स्वतः शाळा सोडून कांद्याच्या शेतात राबले आणि धाकट्या भावाला मास्तर केलं, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते रस्त्यावरच थांबले, हात मागे बांधून त्यांनी रेघा पाहिल्या.

"अरे, ही जागा वाघमुखी हाय," ते म्हणाले. "तोंडाला रुंद अन् मागं निमुळती. दुकान टाक खुशाल, पण लेकराबाळांचं घर नको बांधू इथं. गोमुखी असती, तोंडाशी अरुंद अन् मागं रुंद, तर मी काय बोललो नसतो."

"अण्णा, चौकोनाला कसलं आलंय तोंड?"

"तुझा चौकोन शाळंत ठेव."

रागाने नव्हे, अगदी मायेने म्हणाले. म्हणूनच बाबांनी पायातल्या चपलेने एकेक रेघ पुसून टाकली. मला ती गंमत वाटली आणि मीही नाचत नाचत फक्की उडवली.

प्लॉट विकला. आता सरळ चौकोनी जागा बघायची, असं ठरलं. बाबा बघत राहिले आणि नाशिक त्यांच्या पुढे पळत राहिलं. ते भाड्याच्या घरात निवृत्त झाले आणि भाड्याच्या घरातच गेले. आई आता आमच्याकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते. तोही बघू म्हणतो.

शंकरपाळीच्या त्या प्रसंगानंतरच्या रविवारी आम्ही तिघी एका बारशाला निघालो होतो. मोबाइलने भलत्याच रस्त्याने नेलं. आई एकदम म्हणाली, "थांब जरा." कोपऱ्यावरची विहीर पाहून मीही जागा ओळखली. नाला आता जमिनीखाली गेलाय, त्यावरून डांबरी रस्ता झालाय आणि त्या रस्त्याला तोंड करून तिथे एक घर उभं आहे. फाटकाशी चिंचोळं, आत रुंद होत गेलेलं अंगण. अंगणात खाटेवर कुरडया वाळत होत्या.

मी गाडीत बसल्या बसल्या ती आकृती मनात फिरवून पाहिली.

"आई, या बाजूने हा प्लॉट गोमुखी आहे."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. मी इथेच तर बसले होते थर्मास घेऊन. इथून दिसतच होतं."

"पण तेव्हा इथे रस्ता कुठे होता?"

"गाडीवाट होती की. मला काय ट्रक आणायचे होते दारात?"

"मग बोलली का नाहीस?"

ती कुरडयांकडे बघत राहिली. "थोरल्या भावासमोर यांना चौकोन मी शिकवायचा? वाटलं, येईल यांच्या लक्षात. वर्गात तेच तर सांगतात. घरी गेल्यावर म्हणतील, अगं, दार मागून काढू." मग म्हणाली, "मी खूप वर्षं वाट पाहिली. ते आजारी पडले तेव्हासुद्धा वाटायचं, आज म्हणतील."

मला बाबांचा राग आला, काकांचा आला आणि आईचाही आला. त्यातले दोघे आता नाहीत आणि तिसरीवर रागावण्यात काय अर्थ आहे? एक वाक्य तर हवं होतं. तेही बाबांचंच, दरवर्षी वर्गात म्हटलेलं.

मागच्या सीटवरून मुलीने काच खाली केली. "आजी, हे कुणाचं घर आहे?"

"काय माहीत, बाळा," आई म्हणाली. "चल गं, उशीर होतोय."