शैलजाच्या पुंगळ्या

ईडन प्रेरी या अमेरिकी उपनगराहून पाऊण तासावर, मक्याच्या शेतांच्या मागे एक जुना गन क्लब आहे. तिथले लोक शैलजा पिंगळेला ‘ब्रास आंटी’ म्हणत. आंटी हा शब्द त्यांना तिच्या मुलाने, निहारने शिकवलेला. दर शनिवारी निहार पिस्तूल चालवायला यायचा आणि शैलजा त्याच्या मागे घडीची खुर्ची टाकून, कानांवर आवाज अडवणारे मोठाले मफ चढवून बसायची. पिस्तुलाला तिने कधी बोट लावलं नाही. गोळी सुटली की पितळेची रिकामी पुंगळी उजवीकडे उडून पडते. त्या पुंगळ्या ती वेचायची.

वेचण्यालाही रीत असते, हे तिला पहिल्याच शनिवारी कळलं. शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाकता येईना असं पाहून ती उठली, त्यांच्या पायांजवळच्या पुंगळ्या ओंजळीत भरल्या आणि प्रसाद द्यावा तशा त्यांच्यापुढे धरल्या. वडीलधाऱ्या माणसाला वाकू द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात. ते गृहस्थ एक पाऊल मागे सरकले. मग डेल, तिथला रेंज ऑफिसर, आडव्या अंगाचा, सावकाश बोलणारा माणूस, तिला बाजूला घेऊन गेला. दुसऱ्याच्या पुंगळ्यांना न विचारता हात लावायचा नाही, लोक त्या घरी नेऊन पुन्हा भरतात. शेजाऱ्याच्या लेनमध्ये उडाली तरी पुंगळी ज्याची त्याचीच, पण मागून घ्यायची. नेमबाजांच्या पुढ्यातल्या पिवळ्या रेषेपुढे पडली ती क्लबची. आणि सगळ्यांची हत्यारं रिकामी होऊन टेबलावर ठेवली गेली, ‘रेंज कोल्ड’ अशी आरोळी आली, की मगच वाकायचं. रेषेपुढे मात्र त्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. डेलने हे शेवटचं दोनदा सांगितलं.

शैलजाची नोकरी वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत, क्वालिटी विभागात. नियम एकदा कळला की तो तिच्या अंगात मुरायचा. महिन्याभरात ती नवख्यांना शिकवायला लागली. पुंगळी गरम असते, कॉलर बंद ठेवा. शिसं असतं, हात धुतल्याशिवाय सँडविचला हात लावू नका. धिप्पाड, दाढीवाले पुरुष तिच्या एका नजरेने मुकाट्याने बेसिनकडे जायचे.

तिच्या नवऱ्याला, अरुणला, या सगळ्याची मोठी गंमत वाटे. गॅरेजमध्ये दह्याचे रिकामे डबे पुंगळ्यांनी भरत चालले होते. “मोड घालून बंब करणार आहेस का?” तो विचारायचा. मायलेक एकत्र बाहेर पडतात यातच त्याला समाधान होतं. मराठी मंडळात कोणी चौकशी केली तर शैलजा सांगायची की निहार हल्ली घरूनच काम करतो.

खरं म्हणजे निहारला काम नव्हतं. रेडमंड शहरातली नोकरी गेली, मागोमाग ठरलेलं लग्न मोडलं, आणि तो दोन बॅगा घेऊन घरी आला तो तळघरातल्या खोलीतच राहिला. ताटं अर्धी परत यायची. एके दिवशी त्याने पिस्तूल विकत आणलं. कायद्याने त्याला मोकळीक होती. सव्वीस वर्षांच्या मुलाला आई काय सांगणार? त्या रात्री शैलजाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी चहा गाळताना ती एवढंच म्हणाली, मलाही घेऊन जात जा.

अट एकच घातली. काडतुसं क्लबातच घ्यायची आणि तिथेच संपवायची, घरी साठा नको. उन्हाळ्यात गॅरेज तापतं, असं तिने कारण दिलं.

काडतुसांच्या खोक्यात प्लॅस्टिकचा ट्रे असतो, प्रत्येक काडतुसाला एक भोक. निघायच्या आधी शैलजा वेचलेल्या पुंगळ्या त्या भोकांत एकेक करून बसवायची. ट्रे भरला की तिचा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे आज काहीही खिशातून घरी चाललेलं नाही, पुढच्या शनिवारपर्यंत बरं आहे. लोकांना वाटायचं बाई टापटिपीची आहे. मुलाला सरळ विचारावं, असं तिच्या मनात शंभरदा आलं होतं. पण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलंच आपण घातलं तर? या भीतीने ती दर वेळी ओठ मिटून घ्यायची.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ट्रेमधलं एक भोक रिकामं राहिलं.

तिने पायांखालची रबरी चटई उचलून पाहिली. स्वतःच्या जॅकेटची टोपी झटकली, निहारच्या पँटची दुमड चाचपली. शेजारच्या माणसाला रीतसर विचारलं. तो बिचारा चांगला, त्याने आपली बादली तिच्यापुढे पालथी केली. त्याच्या प्रत्येक पुंगळीच्या बुडावर निळ्या मार्करची रेघ होती. बिनरेघेची एकही निघाली नाही. तेवढ्यात ‘रेंज हॉट’ झालं आणि पुन्हा बार सुरू झाले.

निहार सामान आवरत होता. “चल ना आई. एक राहिली तर राहिली.”

तिला ते ऐकू आलं नाही. पिवळ्या रेषेच्या पुढे, खडीत, काहीतरी चमकलं होतं. ती रेष ओलांडून गेली.

सीझ फायरची आरोळी दोन-तीन गळ्यांतून एकदम उठली. सगळे बार थांबले. शैलजा वाकलेली होती, मुठीत पुंगळी होती. उघडून पाहिली तर काळपटलेली, चेपलेली, पावसापाण्यात कधीची पडलेली. ती त्यांची नव्हतीच.

डेल ओरडला नाही. त्याने तिला दंडाला धरून रेषेमागे आणलं. तुला नियम ठाऊक नव्हता असं तू म्हणू शकत नाहीस, तो म्हणाला. आत्ताच्या आत्ता निघा, पुढचं कमिटी ठरवेल. रांगेतला एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हता.

गाडीत ती स्टिअरिंगमागे बसली, मांडीवर ट्रे घेऊन. निहार शेजारी.

“तू दर वेळी ट्रे भरून बघतेस,” तो म्हणाला. “मला फर्स्ट डेपासून माहितेय.”

त्याने जॅकेटच्या आतल्या खिशातून काडतूस काढलं आणि रिकाम्या भोकात बसवलं. बाकी सगळ्या पुंगळ्यांत ते नखभर वर आलं, शिशाचं टोक घेऊन.

“का रे?” तिने विचारलं.

“आय डोन्ट नो. बघायचं होतं, तू काही बोलतेस का.” तो काचेबाहेर बघत होता. “यू जस्ट काउंट, आई. यू नेव्हर आस्क.”

मफ काढूनही तिच्या कानांत दडे बसले होते. तिने ट्रे बाजूला ठेवला.

“निहार, तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?”

वाक्य बाहेर पडलं. आभाळ कोसळलं नाही. निहारने डोळे मिटले, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झालेले तिने पाहिले.

“येतं,” तो म्हणाला. “नॉट एव्हरी डे. रात्री जास्त.”

“आज?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

तिने पिस्तुलाच्या पेटीची किल्ली मागितली. तो बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिला, मग दिली. पेटी आणि ट्रे दोन्ही घेऊन शैलजा ज्या क्लबातून तिला हाकललं होतं, त्याच्याच ऑफिसात परत गेली. माफी मागायला आली असेल असं वाटून डेल सांगू लागला की आज काही होणार नाही, कमिटीला चिठ्ठी लिही. तिने पेटी, ट्रे आणि किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.

“हे आमच्या घरी नको. तुमच्या कपाटात ठेवता येईल?”

डेलने पेटीकडे पाहिलं, ट्रेमधल्या त्या उंच टोकाकडे पाहिलं. किल्ली उचलून खिशात घातली.

“तो गाडीत एकटा आहे?”

“हो.”

“मग इथे काय करतेस? जा.”

ती खडीवरून पळत सुटली. निहार गाडीतच होता, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून. ती त्याच्याजवळ खडीतच टेकली. हेल्पलाइनचा नंबर तिने किती रात्री फोनवर टाकून पुसला होता. या वेळी पुसला नाही, स्पीकर लावून फोन दोघांच्या मध्ये धरला. पलीकडून एका बाईने शांतपणे विचारलं की मी कोणाशी बोलतेय.

निहार गप्प होता. त्याच्या वतीने उत्तर द्यायचं शैलजाच्या अगदी ओठांवर आलं. ती बोलली नाही. त्याच्या जॅकेटची बाही घट्ट धरून ती वाट बघत राहिली.