सासूबाईंची बोटं आणि ट्रकचं तेल

सासूबाईंना गाडी चालवता येत नव्हती. सायकलही नाही. कुणाच्या गाडीत बसल्याच, तर घर येईपर्यंत वरची कडी घट्ट धरून बसायच्या. पण हमरस्त्यावरच्या त्यांच्या ऑइलच्या दुकानासमोर रोज वीस-पंचवीस ट्रक थांबायचे, आणि सहा फुटी ड्रायव्हर खाली उतरून, इंजिनातून काढलेलं काळं तेल डब्यात धरून त्यांच्यासमोर मुकाट उभे राहायचे. सासूबाई दोन बोटं त्या तेलात बुडवायच्या, अंगठ्यावर चोळायच्या, रस्त्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, पाणी शिरतंय, गॅस्केट बघून घे. ड्रायव्हर मान डोलवून निघून जायचा. सगळे त्यांना मावशी म्हणत, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा.

दुकान त्यांच्या सासऱ्यांचं. नवरा शाळेत कारकून, आणि तेलाच्या वासानं त्याचं डोकं धरायचं. म्हणून नवी नवरी चार दिवसांसाठी गल्ल्यावर बसली. ते चार दिवस चौतीस वर्षं झाली तरी संपले नव्हते. दुकानात जुनं, काढलेलं तेलही विकत घेतलं जाई, आणि लोक त्यात बेलाशक पाणी मिसळत. पहिल्या वर्षी सासूबाई चांगल्याच फसल्या. फसवतात ते डोळ्यांना, असं त्यांच्या ध्यानात आलं, कारण डोळ्यांना सगळं तेल काळंच दिसतं. तेव्हापासून त्यांनी बोटांवर भरवसा ठेवला. नवऱ्यानं शाळेतून टीपकागद आणून दिला, त्यावर थेंब सोडून त्याचं कडं कसं पसरतं तेही त्या बघू लागल्या. संसारात नवऱ्यानं केलेली एवढी एकच मदत, असं त्या त्याच्यासमोरच सांगायच्या, आणि तो बिचारा हसायचा.

सून इंजिनियर. मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ती गाड्यांना कॉम्प्युटर जोडून आजार शोधायची. सासूबाईंवर तिचा जीव होता, पण त्यांची बोटं म्हणजे आजीबाईचा बटवा, असंच तिला वाटायचं. तोंडावर ती कधी तसं म्हणाली नाही. मनातल्या मनात मात्र पुष्कळदा हसली होती.

मग तिच्या वडिलांच्या गाडीचं प्रकरण उभं राहिलं.

वडिलांचे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात गेले होते. त्यांची पेट्रोलवरची गाडी सुनेपेक्षा वयानं मोठी. एका वेल्डरनं तिला तीन दांड्या बसवून दिल्या होत्या, क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, सगळं हातानं. तो वेल्डर केव्हाच वारला. घर टेकडीवर, खाली उतरायला शंभरावर पायऱ्या किंवा ती गाडी. नव्या गाडीलाही दांड्या बसवून मिळतात, पण त्र्याहत्तराव्या वर्षी नव्यानं लायसन्सची परीक्षा द्यायची, आणि हात आता नवं काही शिकायला तयार नव्हते. गाडी होती म्हणून ते वाचनालयात जात, मित्रांकडे जात, कुणाला न विचारता घराबाहेर पडत. बायको गेल्यावर माणूस उभा राहिला तो या गाडीच्या जोरावर, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

आणि घोळ लेकीनंच घातला. वडिलांच्या वाढदिवसाला तिनं वर्कशॉपमधलं सगळ्यात नवं, सगळ्यात पातळ, सगळ्यात भारी ऑइल आणलं आणि स्वतःच्या हातानं इंजिनात ओतलं. तीन महिन्यांत इंजिन टकटक करायला लागलं, शिवणयंत्रासारखं. तिनं गाडी वर्कशॉपमध्ये नेली. त्या गाडीला कॉम्प्युटर जोडायला जागाच नव्हती. वरिष्ठांनी बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि भंगारात काढायला सांगितलं. वडिलांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. आठवडा तसाच काढला आणि शेवटी रविवारी त्यांना गाडी घेऊन दुकानावर बोलावलं.

सासूबाईंनी व्याह्यांना पाणी दिलं, आधी तब्येत विचारली, मग गाडीत काय घातलंय ते विचारलं. सुनेनं खाली मान घालून सांगितलं.

"तेल चांगलंच आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "फक्त या इंजिनाचं नाही."

मग त्यांनी समजावलं. जुन्या इंजिनात झडपा उघडणारा कॅम थेट टॅपेटवर घासतो, लोखंडावर लोखंड. मध्ये जे लागतं, जस्ताचं औषध, ते जुन्या तेलात भरपूर असायचं. नव्या गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या डब्याला ते सोसत नाही, म्हणून नव्या तेलात ते कमी केलं. ट्रकच्या तेलात ते अजून बऱ्यापैकी आहे. सून म्हणाली, पेट्रोलच्या इंजिनात डिझेलचं तेल कसं चालेल, पुस्तकात तर असं कुठंच नाही. सासूबाईंनी वाद घातला नाही. ट्रकच्या तेलाचा, पंधरा-चाळीसचा डबा फिरवून मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथं दोन्ही इंजिनांची खूण छापलेली होती. रोज शेकडो डबे हाताळणाऱ्या वर्कशॉपमध्ये तिनं डब्याची मागची बाजू कधी वाचलीच नव्हती. ती ओशाळली.

ती डबा उघडणार तोच सासूबाईंनी तिचा हात धरला. आधी त्यांना गाडीतलं तेल हवं होतं. सुनेनं इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून समोर धरली. दोन बोटं, अंगठा, रस्त्याकडे नजर. बोटं इतकी हळू फिरत होती की जणू कुणाची नाडी बघतायत.

"सकाळी तेलाचा लाल दिवा उशिरा विझतो का हो?" त्यांनी व्याह्यांना विचारलं. ते म्हणाले, हो, महिनाभर झाला, पण चालायचंच.

सासूबाईंनी बोटं पुसली. आत काजळीचा गाळ साचलाय, त्या म्हणाल्या, खालच्या चेंबरमधली तेल ओढणारी जाळी निम्मी तरी बुजली असणार. ट्रकचं तेल धुवायला फार कडक. ते आता ओतलं तर उरलेला गाळ एकदम सुटेल, जाळी पुरती बंद होईल, आणि इंजिन टेकडीच्या चढावर जाम होईल. गाडीत व्याही असतील.

सुनेनं डबा दूर सारला. आणखी एका मिनिटात तिनं ते ओतलं असतं, तेही वडिलांच्याच भल्यासाठी.

शेजारच्या गॅरेजच्या खड्ड्यात उतरून तिनं स्वतः चेंबर काढलं. बॅटरीच्या उजेडात जाळी दिसली. निम्मी काळ्या लगद्यानं लिंपलेली, निम्मी उघडी. ती तशीच मान वर करून बघत राहिली. ना स्क्रू काढला, ना झाकण उघडलं, इंजिनाला हातही न लावता बाईनं लोखंडाच्या आतलं सांगितलं होतं. यात जादूटोणा काही नव्हता. थेंबातली कचकच, उशिरा विझणारा दिवा आणि चौतीस वर्षं, एवढंच होतं. म्हणूनच तिला ते जादूपेक्षा मोठं वाटलं. चार वर्षं एका घरात राहून आपण या बाईला ओळखलंच नाही, या विचारानं तिला खड्ड्यातच रडू आलं. वर कुणी बघायच्या आत तिनं डोळे पुसले, तर गालाला ऑइल लागलं.

जाळी धुतली, चेंबर खरवडलं, ट्रकचं तेल भरलं. तीनशे किलोमीटरवर ते काढलं. डांबर बरं, इतकं काळं निघालं. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. दर वेळी सासूबाई बोट लावत आणि टीपकागदावर थेंब सोडत. चौथ्या खेपेला कडं स्वच्छ, सारखं पसरलं. टकटक हळूहळू उतरली होती. पूर्ण गेली नाही, पण आता ती ऐकायला कान द्यावा लागायचा. झिजलं ते तेल भरून देत नाही, सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, पुढची झीज तेवढी आवरतं.

त्या चौथ्या खेपेच्या दिवशी वडील गाडीत बसून दांड्यांशी चाळा करत लेकीची वाट बघत होते. त्यांना घरी पोचवून ती वर्कशॉपला जाणार होती. सासूबाईंच्या बोटांवर अजून शेवटचा थेंब होता. सुनेला राहवलं नाही. या बोटांना आता काहीही विचारावं आणि ते खरं ठरावं, असं तिला वाटू लागलं होतं.

"आई, अजून किती वर्षं?"

सासूबाईंनी थेंब चोळला. रस्त्याकडे पाहिलं.

"दहा तरी सहज," त्या म्हणाल्या.

सुनेचा जीव भांड्यात पडला. ती हसली, पर्स उचलली आणि वळली. पण सासूबाई अजून बोटांकडेच बघत होत्या.

"गाडीचं सांगितलं हं मी," त्या हळूच म्हणाल्या. "व्याह्यांचं मला नाही कळत."

सुनेनं गाडीत बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. मग तिनं वर्कशॉपला फोन करून आज येणार नसल्याचं कळवलं, गाडीचं दार उघडून वडिलांच्या शेजारी बसली, आणि त्यांनी कुठं जायचं विचारल्यावर म्हणाली, "तुम्ही न्याल तिकडं."