दारफाळणीच्या दिवशी दार

आमच्या घराला आजवर एकच दिवस दार नव्हतं, आणि तो नेमका दार बंद ठेवण्याच्या सणाचा दिवस होता.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. योम किप्पूरला आमच्यातली जुनी माणसं दारफाळणीचा सण म्हणतात. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत कडक उपास, पाणीसुद्धा नाही. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं, बाहेरच्यांशी बोलायचं नाही आणि देवाकडे वर्षभराच्या पापांची माफी मागायची. (वाचायला फार उदात्त वाटतं. दुपारनंतर पोट उदात्त राहत नाही.)

ठाण्याला होतो तोवर सोपं होतं. सिनेगॉग जवळ, गल्लीला सगळं ठाऊक. मग माझी बदली बोईसरला झाली आणि आई आणि मी, दोघंच, कुंभवलीतल्या एका सोसायटीत राहायला आलो. त्याच वर्षी बाबा गेले होते. आईच्या मते आपली गेलेली माणसं या सणाला घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात.

"त्यांचा पहिलाच सण आहे," आई म्हणाली. "काही झालं तरी दार उघडायचं नाही. आणि सोसायटीत सांगून ठेव."

मी सांगितलं नाही. कारण सोसायटीचे चेअरमन राऊत! राऊतांना काहीही सांगितलं की त्याचा कार्यक्रम होतो. पाण्याची नवी मोटर बसली तेव्हा त्यांनी मोटरला हार घातला होता आणि प्रमुख पाहुणे म्हणून स्वतःलाच बोलावलं होतं. आमच्या सणाचं कळलं असतं तर दारावर तोरण, जिन्यात स्पीकर आणि माझ्या अंगावर शाल! त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा सुज्ञ विचार मी केला. (माझे सुज्ञ विचार साधारण याच जातीचे असतात.)

सणाच्या दिवशी दुपारी वास आला. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्याला वासाचं काही वाटत नाही. वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं. पण राऊतांनी नुकतीच शिटी आणि हेल्मेट विकत घेतलं होतं आणि दोन्ही वापराविना पडून होती. शिटी वाजली.

"गॅस! गॅस! सगळ्यांनी खाली या!"

"आई, खाली बोलावतायत."

"नाल्याचा वास आहे तो. पड गप." (नालाच होता, हे संध्याकाळी सिद्ध झालं.)

सगळी सोसायटी खाली उतरली. आम्ही तेवढे नव्हतो. मग दारावर थापा पडल्या. "सॉलोमनभाऊ! ओ भाऊ!" मी तोंड उघडणार तोच आईने ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात जिन्याकडच्या खिडकीत समोरच्या तांडेलकाकूंचं डोकं उगवलं. काकू मूळच्या सातपाटीच्या. आवाज समुद्रावर कमावलेला.

"अरे देवा! दोगं बी आडवी पडल्यात! पांडऱ्या कपड्यात! हलत पण नाय!"

हलत नव्हतो, कारण हलायला पोटात काही लागतं.

"तोड़ दूँ क्या?" हा वरच्या मजल्यावरचा यादव, कारखान्यात फिटर. विचारणं केवळ शिष्टाचारापुरतं होतं. वाक्य संपलं तेव्हा दार आमच्या हॉलमध्ये आडवं झालेलं होतं.

पाठोपाठ माणसं शिरली. यादवने मला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. काकू लिंबूसरबताचा तांब्या घेऊन आईवर चालून गेल्या. "आजी, प्या! दोन घोट तरी प्या!" आईने ओठ असे मिटले की तेही उघडायला यादवलाच बोलवावं लागलं असतं.

"थांबा!" मी उलटा लोंबकळत ओरडलो. "जिवंत आहोत! सण आहे आमचा!"

राऊतांनी हळूच हेल्मेट काढलं. "सण? आणि कमिटीला कळवलं नाही?"

आई कोणाकडेच बघत नव्हती. ती रिकाम्या चौकटीकडे बघत होती.

"गेले असतील रे ते बाहेर," ती मला म्हणाली.

मी सगळ्यांना सगळं सांगितलं: बंद दार, तारे, बाबा. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"म्हंजे आमच्यापायी म्हातारा भायेर गेला? अरे, बघता काय? उचला ते दार! लावा जाग्यावर!"

बिजागऱ्या उपटल्या होत्या आणि सुतार मनोरला गेलेला. मग यादव आणि राऊत दार चौकटीत उभं करून बाहेरून धरून राहिले. ते दमले की दुसरे. दुपारभर! आत आम्ही प्रार्थना करत होतो. बाहेर चहा फिरत होता, भजी तळली जात होती. भज्यांचा वास फटीतून थेट माझ्या नाकात. मी पापांची माफी मागत होतो आणि दर मिनिटाला नव्या पापाचा विचार करत होतो.

"जरा डावीकडं घ्या ओ, फट ऱ्हायली," काकू बजावत होत्या. "म्हातारा निसटंल!"

अंधार पडला आणि तारे दिसेनात. धूर! राऊत गच्चीवर गेले, पाठोपाठ काकू.

"एक दिसला!"

"तो चिमनीवरचा दिवा हाय ओ!"

"मग हा?"

"इमान हाय ते!"

मला दोन्ही चाललं असतं. आईला चाललं नाही. अखेर खरे तीन तारे निघाले आणि दार, उघडलं म्हणता येणार नाही, बाजूला ठेवलं. आईने काकूंचा तांब्या रिकामा केला.

"माफ करा, आजी," काकू म्हणाल्या.

"माफच आहे गं. एवढी माणसं दार धरून उभी राहिल्यावर हे कुठे जाणार? तुमच्या गप्पा ऐकत बसले असतील. जिवंतपणी तेच तर करायचे!"

राऊतांचा चेहरा उजळला. ते धावत घरी गेले, शाल घेऊन आले आणि पुढच्या वर्षीची दार समिती तिथल्या तिथे जाहीर करून त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. टाळ्या पडल्या.

"आई," मी हळूच विचारलं, "मलाही माफ ना? सोसायटीत सांगितलं नाही ते?"

आईने तांब्या खाली ठेवला.

"तुझं पुढच्या सणाला बघू."

वर्षातून एकदाच सगळी पापं धुतली जातात. त्या रात्री माझ्याकडे सकाळपेक्षा एक जास्त होतं. आणि अंगावर राऊतांची शाल.